खटल्याविना शिक्षा आणि आपली संमती



निमंत्रणपत्रिकेवरचा विषय जड आहे, याची मला कल्पना आहे. गुन्हा, राज्यसंस्थेची हिंसा, हुकूमशाही, मानववंशशास्त्र असे शब्द एका ओळीत आले की डोळ्यांसमोर चिली येते, अर्जेंटिना येते, हिटलरची जर्मनी येते. आज मी तुम्हाला तितक्या लांब नेणार नाही. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह, मुंब्र्याचा बायपास आणि उल्हासनगरची एक स्मशानभूमी, एवढ्या तीनच जागा ध्यानात ठेवा. तिन्ही तुमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या टापूतल्या आहेत.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हुकूमशाही एका रात्रीत सगळ्या देशावर येते, असे आपण समजतो. पुष्कळदा ती आधी एका माणसापुरती येते. ज्याच्याबद्दल आपले सगळ्यांचे एकमत असते, ज्याच्या बाजूने एकही माणूस उभा राहणार नाही, अशा माणसापुरती. आणि ती येते तेव्हा दार आपण उघडलेले असते.

न्यायाधीश विचारतो, याने गुन्हा केला का? राज्यशास्त्राचा अभ्यासक विचारतो, सत्ता कोणाच्या हातात होती? मानववंशशास्त्राचा अभ्यासक त्या वेळी गल्लीत उभा असतो. तो पाहतो की बातमी आल्यावर पेढे कोणी वाटले, दार कोणी लावून घेतले, पंचनाम्यावर सह्या कोणी केल्या, नाक्यावर लोक काय बोलले आणि काय बोलायचे टाळले. मालिनोव्हस्की या अभ्यासकाने १९२६ साली आदिम समाजातील गुन्हा आणि रूढी यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ट्रोब्रियांड बेटांवरच्या किमाइ नावाच्या मुलाची हकिगत आहे. नात्याचा निषेध मोडून त्याने मावसबहिणीशी संबंध ठेवले होते. गावाला ते माहीत होते. कुजबुज होती, नापसंती होती, पण कोणी काही केले नाही. मग एके दिवशी त्या मुलीच्या नाकारल्या गेलेल्या प्रियकराने चारचौघांत मोठ्याने आरोप केला. दुसऱ्या दिवशी किमाइने सणाचा पोशाख केला, माडावर चढला, लोकांशी बोलला आणि वरून उडी घेतली. कृत्य आधीही तेच होते. ते चारचौघांत उच्चारले गेले आणि माणूस संपला. नियम मोडणे ही एक गोष्ट. कोणाला गुन्हेगार म्हणायचे, केव्हा म्हणायचे आणि कोणाच्या तोंडून म्हणायचे, ही दुसरी. ती दुसरी गोष्ट समाज ठरवतो आणि राज्यसंस्था ठरवते. दोघांचे संगनमत होते तेव्हा काय घडते, हाच आजचा विषय आहे.

आता ठाण्याच्या कारागृहाकडे वळू. तो मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४ साली इंग्रजांनी. पुढे त्याचा तुरुंग झाला. २ मे १८४८ रोजी या तुरुंगात राघोजी भांगरे यांना फाशी दिली गेली. अकोले तालुक्यातल्या देवगावचा हा महादेव कोळी. सावकारांच्या वह्या आणि इंग्रजांचा कर, दोन्हींविरुद्ध उठलेला. सरकारच्या कागदांत तो दरोडेखोर होता. आज त्यांची जयंती होते, त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतात. १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात तिथला जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणारा अनंत तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्यांचे मृतदेह नातेवाइकांना दिले नाहीत. का दिले नाहीत? कारण सरकारला अंत्ययात्रेची भीती वाटत होती. लोक जमतील, खांदा देतील, फासावर गेलेला माणूस आपला आहे असे रस्त्यावर म्हणतील, ही ती भीती. ही गोष्ट लक्षात असू द्या, मला पुढे तिच्याकडे यायचे आहे.

तुम्ही म्हणाल, ते परके राज्य होते. बरोबर आहे. पण परक्या राज्याने या देशात एक कल्पना रुजवली, आणि राज्य गेल्यावरही ती राहिली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जन्मानेच माणूस गुन्हेगार, असे मानणारा कायदा. पारधी, बेरड, उचल्या, कैकाडी अशा किती जमातींची नावे नोंदली गेली! हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, आणि काहींना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत राहायचे. सोलापूरची वसाहत त्यातलीच. मानवजातीचा अभ्यास म्हणवणाऱ्या विद्येने या कामात साहेबाला मदत केली, जातवार स्वभावांच्या याद्या करून दिल्या. माझ्या विद्याशाखेवरचा हा डाग आहे, तो झाकून पुढे बोलणे मला बरोबर वाटत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि रात्री कुठे चोरी झाली की सकाळी पोलिसांची गाडी पारध्यांच्या पालाकडेच वळत राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे मी सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कायद्याचा एक विद्यार्थी कोठडीत मरण पावला. तो वडार समाजातला होता. गुन्हा नोंदवा, असे सांगायला उच्च न्यायालय लागले.

ज्याला आधीच गुन्हेगार ठरवले आहे, त्याला मारताना हात थरथरत नाही. आणि ठरवण्याचे काम पोलिसांच्या किती तरी आधी आपण केलेले असते.

आता आणीबाणीबद्दल. या सभागृहात असे ज्येष्ठ बसलेले असतील, ज्यांच्या घरातले कोणी तरी त्या जवळपास एकवीस महिन्यांत आत होते. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली देशभरात एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे स्थानबद्ध झाली, असे पुढे शहा आयोगाने नोंदवले. डोंबिवली, कल्याण, ठाणे इथल्या किती घरांत तेव्हा दिवाळी झाली नाही. कोणी संघाचे होते, कोणी समाजवादी, कोणी कम्युनिस्ट. आतल्यांना आरोप सांगितलेला नव्हता, खटला नव्हता, सुटकेची तारीख नव्हती.

या काळाबद्दल बोलताना मला दुर्गाबाई भागवत आठवतात. लोकसंस्कृतीच्या आणि आदिवासी जीवनाच्या अभ्यासक, म्हणजे माझ्या विद्येतल्याच. १९७५ च्या अखेरीस कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात त्या अध्यक्ष होत्या आणि केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. दुर्गाबाईंनी तिथे लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. गावोगावच्या कहाण्या गोळा करणाऱ्या बाईंना हे धैर्य कुठून आले? मला वाटते, सत्ता बोलते तेव्हा समाज कसा गप्प होतो, याची त्यांना अभ्यासातून नेमकी जाण होती.

आणि २८ एप्रिल १९७६ चा निकाल आठवा. जबलपूरचे प्रकरण. स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येईल, असे मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले होते की, एखाद्या अधिकाऱ्याने बेकायदा कोणाचा जीव घेतला तरी दाद नाही का? उत्तर मिळाले की आणीबाणी आहे तोवर नाही. चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली, एकट्या खन्नांनी विरोध नोंदवला. चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ साली तो निकाल मोडीत काढणाऱ्या घटनापीठात त्यांचे चिरंजीव होते.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली तेव्हा ठाण्याने काय केले? तुरुंगात राहून आलेल्या रामभाऊ म्हाळगींना लोकसभेत पाठवले. खटल्याविना माणसाला डांबणे आम्हाला मान्य नाही, असे या भागाने मतपेटीतून सांगितले. मला या भागाचा त्याबद्दल आदर आहे, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न विचारण्याचा अधिकार मी घेतो आहे. सत्तेचाळीस वर्षांनंतर याच भागात एक कच्चा कैदी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, तेव्हा आपण काय केले?

प्रकरण तुम्हाला माहीत आहे, तरीही ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२४. बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्या चार वर्षांच्या मुली होत्या. या गुन्ह्याबद्दल माझ्या मनात जो संताप आहे तो तुमच्याहून कणभरही कमी नाही, आणि पुढचे सगळे बोलणे त्या संतापासह ऐका. पालक पोलीस ठाण्यात गेले तर तक्रार नोंदवून घ्यायला त्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवले. शाळेच्या चालकांवर माहिती दडवल्याचा गुन्हा पुढे दाखल झाला. २० ऑगस्टला बदलापूरकर रुळांवर उतरले, दिवसभर मध्य रेल्वे अडवली. त्यांचा राग कोणावर होता? आरोपीवर होता, शाळेवर होता आणि तक्रार न घेणाऱ्या पोलिसांवर होता. तीनही ठिकाणी तो योग्य होता. मग पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि शेकडो आंदोलकांवर गुन्हे नोंदवले.

२३ सप्टेंबरच्या संध्याकाळी आरोपीला तळोजा कारागृहातून ठाण्याकडे नेत असताना मुंब्रा बायपासजवळ गाडीत गोळ्या सुटल्या आणि तो मेला. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे सांगणे. उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत विचारायला सुरुवात केली की, गाडीतल्या पोलिसांना एक माणूस आवरता आला नाही का? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल आला. पाच पोलिसांवर त्यात जबाबदारी ठेवली होती, बळाचा वापर समर्थनीय नव्हता असे म्हटले होते, पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पथक नेमण्याचे काम राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे आले. त्या पाच पोलिसांनाही खटल्याशिवाय दोषी म्हणू नये. मी म्हणत नाही. ज्या नियमाची मागणी मी मृतासाठी करतो, तो त्यांनाही लागू आहे.

एक तारीख इथे नोंदवतो. चकमकीत मृत्यू झाल्यास काय करायचे, याचे सोळा नियम सर्वोच्च न्यायालयाने एका महाराष्ट्रातल्याच प्रकरणात घालून दिले, ते २३ सप्टेंबर २०१४ रोजी. स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, नातेवाइकांना तातडीने कळवणे, आणि चकमक खरी होती हे सिद्ध होईपर्यंत शौर्यपदक किंवा बढती नाही. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, मुंब्र्याला गोळ्या चालल्या.

बातमी आली त्या रात्री पेढे वाटले गेले. फटाके फुटले. बदला पुरा झाल्याचे सांगणारे फलक लागले. मग मृतदेहाचा प्रश्न आला. पुढे गरज पडल्यास पुन्हा तपासता यावे म्हणून आईवडिलांना दफन करायचे होते. बदलापूर, अंबरनाथ, कळवा, जिथे म्हणून विचारावे तिथे विरोध झाला. वडिलांना दफनासाठी जागा मागायला उच्च न्यायालयात जावे लागले. शेवटी २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत खड्डा खणला, तर काही स्थानिकांनी तो बुजवला. पोलिसांनी तो पुन्हा खणून घेतला आणि बंदोबस्तात दफन उरकले.

१९१० मध्ये सरकार मृतदेह देत नव्हते, कारण समाज त्याला जवळ घेईल अशी भीती होती. २०२४ मध्ये समाजाने मृतदेहाला जमीन नाकारली आणि न्यायालयाच्या सांगण्यावरून सरकारला ती शोधावी लागली. दोन माणसांची तुलना मी करत नाही, ती होऊच शकत नाही. मी सांगतो आहे ते जागांच्या अदलाबदलीबद्दल. आपल्या परंपरेत वैर मरणापाशी संपते. अफजलखानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी कबर मिळाली आणि ती आजही आहे. मेरी डग्लस या अभ्यासिकेने १९६६ साली दाखवून दिले की, समाजाला आपल्या सीमा धोक्यात आल्याशा वाटतात तेव्हा तो विटाळाची भाषा बोलू लागतो. तो खड्डा बुजवणारे हात त्या मृताचा विटाळ पुसत होते. ते क्रूर होते असे मला वाटत नाही. ते घाबरलेले होते. आपल्या मुली शाळेत सुरक्षित नाहीत, पोलीस ठाण्यात आपले कोणी ऐकत नाही, ही भीती खरी होती. ती भीती ज्यांनी निर्माण केली त्यांना जाब विचारायचा, तर एक मृतदेह समोर ठेवला गेला आणि सगळा राग तिथे जिरला.

या चकमकीने त्या दोन मुलींचे काय झाले, हा विचार त्या रात्री कोणी केला? आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. भर न्यायालयात पुरावा मांडला जाणे, अजून कोणाला काय माहीत होते हे उलटतपासणीत बाहेर येणे आणि शेवटी न्यायाधीशाने 'दोषी' म्हणणे, हे सगळे त्या मुलींच्या हक्काचे होते. ते हिरावले गेले.

मायकेल टाउसिग नावाचा अभ्यासक आहे, त्याने कोलंबियातल्या हिंसेवर आयुष्यभर काम केले. तो म्हणतो, सगळ्यांना ठाऊक असते पण कोणी उच्चारायचे नसते अशा गुपितावर सत्ता उभी असते. आपल्याकडच्या चकमकीची कथा घ्या. आरोपीला तपासासाठी नेले, त्याने शस्त्र हिसकावले, स्वसंरक्षणार्थ गोळीबार, रुग्णालयात मृत घोषित. १९८२ साली वडाळ्याला मन्या सुर्वे मारला गेला, तेव्हापासून ही कथा आपण तोंडपाठ केली आहे. हैदराबादजवळ ६ डिसेंबर २०१९ रोजी चार आरोपी असेच मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. आपले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ साली सांगितले की पोलिसांची कथा विश्वासार्ह नाही आणि मृतांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुले उधळणाऱ्यांना खरेच ही कथा खरी वाटली होती का? नाही वाटली. तरीही त्यांनी टाळ्या वाजवल्या. माहीत असून टाळी वाजवणे, यालाच मी संमती म्हणतो.

ब्राझीलच्या तेरेसा काल्डेरा यांनी साओ पाउलो शहराचा अभ्यास केला. तिथली लष्करी राजवट १९८५ साली संपली. राजकीय कैद्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या मध्यमवर्गानेच पुढे साध्या कैद्यांच्या हक्कांची थट्टा सुरू केली, 'गुंडांचे लाड' म्हणून. १९९२ साली कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी १११ कैदी मारले आणि शहरातल्या पुष्कळांना ते योग्य वाटले. हुकूमशहा गेला होता. त्याची सवय नागरिकांच्या घरात राहायला आली होती. डोंबिवलीच्या, ठाण्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गासमोर, म्हणजे आपल्यासमोर, मी हे उदाहरण मुद्दाम ठेवतो आहे.

माझ्या या बोलण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. खटले वर्षानुवर्षे चालतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाले सुटतात, मग लोकांनी करायचे काय? या रागाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पण गोळी कोणावर चालते ते बघा. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, गोळीबार झाला. त्या आरोपावरून कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार जिवंत पकडले गेले, त्यांना वकील मिळाला, न्यायालय मिळाले. तसेच व्हायला हवे होते, आणि तसेच झाले. मुंब्र्याच्या गाडीतला माणूस मात्र सफाईचे काम करणारा होता. दोन्ही घटना एकाच पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतल्या, एकाच वर्षातल्या. मंद न्यायाला वेगवान करण्याची ही पद्धत असती, तर ती अधूनमधून तरी मोठ्यांवर चालली असती.

पोलिसांनी वेगळे वागणे अशक्य आहे, असेही कोणी समजू नये. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हवालदार आणि वस्तीतली माणसे एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. तीच खाकी, तोच जिल्हा.

तेव्हा माझी विनंती मोठी नाही. राज्य सरकारने मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी असा निर्णय काढला होता. बदलापूरनंतर लक्षात आले की अनेक शाळांत ती केवळ कागदावर होती किंवा नव्हतीच. तुमच्या मुलांच्या, नातवंडांच्या शाळेत ती आहे का, शेवटची बैठक केव्हा झाली, हे या आठवड्यात जाऊन विचारा. तुमच्या पोलीस ठाण्यात बालकांवरच्या अत्याचाराची तक्रार घ्यायला महिला अधिकारी असते का, तेही विचारा. आणि पुन्हा कधी चकमकीची बातमी आली तर स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी झाली का, हे आपल्या लोकप्रतिनिधीला आणि वर्तमानपत्राला लेखी विचारा. बदलापूरचे लोक एक अख्खा दिवस रुळांवर उभे राहिले. त्यातले काही जण दर महिन्याला तासभर पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहिले, तर पुढच्या मुलीच्या आईला ताटकळावे लागणार नाही.